बियांची तेले, औषधे आणि आपली मूत्रपिंडे

(संस्थेच्या आरोग्य व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मला जो विषय देण्यात आला आहे तो ऐकायला जरा प्रयोगशाळेतला वाटतो. औषधांमुळे मूत्रपिंडाला इजा होते आणि काही वनस्पतींच्या बियांचे तेल ती इजा कमी करते, असे संशोधन प्रसिद्ध झालेले आहे; त्याविषयी बोलावे, अशी सूचना होती. परंतु हा विषय आपल्या घरातल्या फळीवरचाच आहे. त्या फळीवर गुडघेदुखीच्या गोळ्यांचे पाकीट असते आणि अलीकडे त्याच्या शेजारी कलौंजीच्या तेलाची बाटलीही येऊन बसली आहे. गोळ्यांनी किडनी बिघडते आणि तेलाने ती सुधारते, असा एक समज गावोगावी पसरलेला आहे. या समजात खरे किती आणि अर्धवट किती, हे तपासून पाहणे हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे. मी औषधशास्त्र शिकविणारा एक शिक्षक आहे. त्यामुळे थोडी शिकवण्याची सवय मध्ये डोकावेल, ती आपण सहन कराल अशी आशा आहे.

प्रथम मूत्रपिंडाचे काम समजावून घेऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या भागात, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकेकाचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. परंतु हृदयातून निघणाऱ्या एकूण रक्तापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन लहानशा अवयवांकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन म्हणजे गाळणीचे सूक्ष्म घटक असतात. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते आणि लघवी होते ती मात्र दीड लिटरच्या आसपास. उरलेले सारे पाणी, मीठ, साखर नेफ्रॉनच्या लांब नळीतून पुन्हा रक्तात घेतले जाते. गाळणे सोपे, पण निवडून परत घेणे कष्टाचे. हे कष्टाचे काम नळीच्या सुरुवातीच्या भागातील पेशी करतात. त्यांना सतत प्राणवायू व ऊर्जा लागते. औषधाचा मार सर्वांत आधी बसतो तो बहुधा याच कष्टकरी पेशींवर.

याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. जेंटामायसिन हे इंजेक्शन आपणांपैकी अनेकांनी कधी ना कधी घेतले असेल. मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून मिळालेले हे प्रतिजैविक १९६३ साली जगापुढे आले. ते स्वस्त आहे आणि गंभीर जंतुसंसर्गात, विशेषतः नवजात बालकांच्या संसर्गात, त्याने असंख्य जीव वाचविले आहेत. हे औषध शरीरात मोडत नाही, जसेच्या तसे मूत्रपिंडातून बाहेर पडते. बाहेर पडताना नळीच्या पेशी त्याचा थोडा अंश आत ओढून घेतात. त्या पेशींच्या पृष्ठभागावर मेगॅलिन नावाचे एक प्रथिन असते. गाळून आलेली उपयोगी प्रथिने परत घेणे हे त्याचे काम. ते जेंटामायसिनलाही हात देऊन आत घेते. आत गेलेले औषध साठत जाते. पेशीतील पाचक रसांच्या पिशव्या त्याने फुगतात आणि फुटतात. पेशीचे वीजघर म्हणता येईल अशा मायटोकाँड्रिया बिघडतात आणि त्यांतून प्राणवायूचे उपद्रवी कण सुटू लागतात, ज्यांना फ्री रॅडिकल्स म्हणतात. पेशीच्या पातळ स्निग्ध आवरणावर या कणांचा हल्ला होतो, पेशी मरते आणि नळीत गळून पडते.

जेंटामायसिन घेणाऱ्या रुग्णांपैकी साधारण १० ते २५ टक्क्यांमध्ये मूत्रपिंडाच्या कामावर काही ना काही परिणाम दिसतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. तो बहुधा पाच-सात दिवसांच्या उपचारानंतर दिसू लागतो. यातली फसवी गोष्ट अशी की, लघवीचे प्रमाण पुष्कळदा कमी होत नाही. रुग्णाला व घरच्यांना सारे ठीक वाटते आणि रक्तातील क्रिएटिनिन मात्र वाढत असते. वेळीच लक्षात आले आणि औषध थांबविले, तर बहुतेक वेळा मूत्रपिंड पूर्ववत होते. म्हणून डॉक्टरांनी हे इंजेक्शन लिहून दिले तर घाबरून ते नाकारू नये. किती दिवस घ्यायचे आणि रक्ताची तपासणी केव्हा करायची, एवढे विचारावे.

दुसरे औषध सिसप्लॅटिन. कर्करोगावरील हे औषध प्लॅटिनम या धातूपासून तयार होते. त्याचा पेशींवरील परिणाम १९६५ साली अमेरिकेत लक्षात आला आणि १९७८ साली तेथे त्याच्या वापरास परवानगी मिळाली. अंडकोशाच्या कर्करोगात तर त्याने क्रांतीच घडविली. परंतु सुरुवातीला ते मूत्रपिंडाची इतकी हानी करीत असे की, औषध म्हणून ते टिकेल की नाही याचीच शंका होती. त्याला वाचविले ते अगदी साध्या गोष्टीने. सिसप्लॅटिन देण्यापूर्वी व दिल्यानंतर शिरेवाटे भरपूर मिठाचे पाणी, म्हणजे सलाइन, देण्याची पद्धत सुरू झाली आणि हानी पुष्कळ कमी झाली. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

तिसरा गट सर्वांत घरगुती आहे, तो म्हणजे वेदनाशामक गोळ्यांचा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या सूज आणि ठणका कमी करतात. त्या शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. आता मूत्रपिंडाकडे जाणारी बारीक रक्तवाहिनी अडचणीच्या वेळी उघडी ठेवण्याचे काम हीच द्रव्ये करीत असतात. निरोगी माणसाने पोटभर पाणी पिऊन एखादी गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. पण उन्हात दिवसभर ऊस तोडणारा, वीटभट्टीवर राबणारा किंवा जुलाबाने गळून गेलेला माणूस घ्या. त्याच्या शरीरातले पाणी आधीच आटलेले असते. त्याने अंगदुखीसाठी दोन-तीन गोळ्या पोटात टाकल्या की ती रक्तवाहिनी आकसते आणि मूत्रपिंड उपाशी पडते. त्यातच तो रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर धोका आणखी वाढतो. कष्टकरी वस्त्यांमध्ये या गोळ्या चिठ्ठीशिवाय, सुट्या, चहाच्या घोटाबरोबर घेतल्या जातात. म्हणून हा प्रश्न आपल्याला परका नाही.

औषध मूत्रपिंडावर किती जबर आघात करू शकते, याचा दाखला आपल्या आकाशातच आहे. माझ्या पिढीच्या लोकांनी गावाबाहेर गिधाडांचे थवे पाहिले असतील. १९९० नंतर ती भराभर नाहीशी होऊ लागली. काही जातींची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण सापडेना. अखेर पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून ते उलगडले व २००४ साली प्रसिद्ध झाले. आजारी गुरांना डायक्लोफेनॅक दिले जात होते. ती गुरे मेल्यावर गिधाडांनी त्यांचे मांस खाल्ले की त्या अल्प औषधाने त्यांची मूत्रपिंडे बंद पडत आणि युरिक ॲसिडचे पांढरे थर त्यांच्या आतड्या-काळजावर साठत. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध गिधाडांना बाधत नाही, असेही दिसून आले. माणसाचे मूत्रपिंड गिधाडासारखे नाही, हे खरे. पण एका प्राण्याला चालणारी वस्तू दुसऱ्याला चालेलच असे नाही, हा धडा मात्र येथे घेतलाच पाहिजे. उंदरांवरील प्रयोगांकडे वळताना तो उपयोगी पडेल.

आता बियांकडे येऊ. सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो कलौंजीच्या बियांचा. या बियांच्या नावांचा घोळ फार आहे, म्हणून तो आधीच सोडवू. कलौंजीला काही जण कांद्याचे बी म्हणतात, पण कांद्याशी तिचा काही संबंध नाही. ती बचनागाच्या कुळातली, निळसर-पांढऱ्या फुलांची एक लहान वनस्पती आहे. लोणच्यात आणि नानवर तिचे काळे, त्रिकोणी दाणे असतात. बंगाली स्वयंपाकातल्या पाच मसाल्यांच्या फोडणीतही ती असते. ज्याची आपण चटणी करतो ते कारळे, म्हणजे खुरासणी, ही निराळी वनस्पती. बिर्याणीतले शहाजिरे निराळे. जंतांवर दिले जाणारे कडू जिरे तर आणखी निराळे. काळे जिरे हा शब्द मात्र यांपैकी कशालाही लावला जातो. दुकानात नुसते काळे जिरे मागितले तर काय हाती पडेल, याची खात्री नाही.

कलौंजीच्या बियांमध्ये साधारण एक तृतीयांश वजन तेलाचे असते. त्यातला बहुतेक भाग खाद्यतेलांत असतो तसाच, लिनोलिक आम्लाने भरलेला. त्याखेरीज अगदी थोड्या प्रमाणात उडून जाणारे सुगंधी तेल असते आणि त्यात थायमोक्विनोन नावाचे द्रव्य असते. संशोधकांचे सारे लक्ष या द्रव्यावर आहे, कारण ते वर सांगितलेल्या उपद्रवी कणांना निष्प्रभ करते.

प्रयोग कसे करतात ते विद्यार्थी मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एका गटाला काहीच देत नाहीत, दुसऱ्याला केवळ तेल, तिसऱ्याला केवळ जेंटामायसिन आणि चौथ्याला दोन्ही. ठरलेल्या दिवशी रक्तातील युरिया व क्रिएटिनिन मोजतात, मूत्रपिंडाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि पेशीतील संरक्षक द्रव्ये किती उरली आहेत ते तपासतात. १९९७ साली थायमोक्विनोनमुळे सिसप्लॅटिनची मूत्रपिंडावरील इजा कमी होते, असे उंदीर-घुशींवरील प्रयोगांत दिसले. त्याच प्रयोगात कर्करोगावरील औषधाचा गुणही कमी झाला नाही, ही महत्त्वाची गोष्ट होती. २००४ साली ओमानमधील संशोधनात कलौंजीचे तेल दिलेल्या उंदरांमध्ये जेंटामायसिनची इजा सौम्य झाली आणि तेलाचे प्रमाण जास्त तसा बचाव जास्त, असे आढळले. आपल्या देशात अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील जीवरसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी कलौंजीच्या आणि जवसाच्या तेलावर असेच काम केले आहे. नळीच्या पेशींच्या काठावर ब्रशाच्या केसांसारखी झालर असते, तिच्यातील विकरे सिसप्लॅटिनने ढासळतात आणि तेल दिलेल्या उंदरांमध्ये ती बऱ्याच अंशी टिकतात, असे त्यांनी दाखविले.

जवसाचे नाव घेताच विदर्भ-मराठवाड्यातील मंडळींना आपल्या चटणीची आठवण झाली असेल. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो आणि हे आम्ल पेशीच्या आवरणात शिरून सूज कमी करण्यास मदत करते, असे मानतात. मात्र येथे एक सूचना करून ठेवतो. रंगाच्या दुकानात जे उकळलेले अळशीचे तेल मिळते ते लाकडाला लावण्यासाठी असते. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. ते चुकूनही पोटात घेऊ नये.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, उंदरांच्या मूत्रपिंडाला ही तेले वाचवितात, हे वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांनी केलेल्या प्रयोगांतून दिसले आहे. ही थट्टेवारी नेण्याची गोष्ट नाही. परंतु उंदराच्या पिंजऱ्यातून आपल्या फळीवर येण्यापूर्वी वाटेत चार पायऱ्या आहेत. त्या ओलांडल्याशिवाय येता येत नाही.

पहिली पायरी मात्रेची. ओमानमधील प्रयोगात तेलाची सर्वांत मोठी मात्रा उंदराच्या दर किलो वजनाला दोन मिलिलिटर होती. साठ किलोच्या माणसासाठी सरळ गुणाकार केला तर १२० मिलिलिटर, म्हणजे वाटीभर तेल होते. लहान प्राण्याची पचनशक्ती व जीवनव्यवहार वेगवान असतो म्हणून शास्त्रज्ञ सरळ गुणाकार करीत नाहीत, तर शरीराच्या पृष्ठभागावरून हिशेब करतात. तसा केला तरी दिवसाला सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे भरतात. बाटलीवर लिहिलेले पाच-दहा थेंब कोठे आणि हे कोठे! शिवाय उंदरांना जेंटामायसिनही किलोला ८० मिलिग्रॅमच्या घरात दिले जाते. माणसाला ते पाच ते सात मिलिग्रॅम दिले जाते. म्हणजे आजारही मोठा करून घेतलेला आणि औषधही मोठे.

दुसरी पायरी वेळेची. या प्रयोगांमध्ये तेल हे इजा होण्यापूर्वी किंवा इजेबरोबरच दिलेले असते. ढाल आधी धरली तर वार अडतो. वार बसून वर्षे लोटल्यावर धरलेल्या ढालीचा उपयोग काय? ज्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने किंवा रक्तदाबाने हळूहळू निकामी झाली आहेत, जे डायलिसिसवर आहेत, त्यांना या प्रयोगांच्या आधारे तेलाची आशा दाखविणे योग्य नाही.

तिसरी पायरी माणसांवरील चाचणीची, आणि ती सर्वांत उंच आहे. एक उदाहरण देतो. अँजिओग्राफीच्या वेळी शिरेत जे रंगद्रव्य सोडतात, त्यानेही मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. उपद्रवी कणांना रोखणारे ॲसिटिलसिस्टीन नावाचे औषध दिले तर ही इजा टळते, असे २००० साली ८३ रुग्णांवरील एका चाचणीत दिसले. तर्क बरोबर होता, चाचणी नावाजलेल्या नियतकालिकात आली होती, औषध स्वस्त होते. जगभरातील रुग्णालयांत ते वर्षानुवर्षे दिले गेले. पुढे सुमारे ५००० रुग्णांवर मोठी, काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि साध्या बनावट गोळीपेक्षा त्याचा अधिक फायदा नाही, असे निष्पन्न झाले. बियांच्या तेलामागचा तर्क याच जातीचा आहे. ८३ रुग्णांवर सिद्ध झालेले ५००० रुग्णांवर टिकले नाही, तर उंदरांच्या चार गटांवर दिसलेले माणसात टिकेलच, असे कोणी छातीठोकपणे सांगावे? कलौंजीच्या तेलाच्या मधुमेही मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवर काही छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि त्या उमेद वाढविणाऱ्या आहेत. पण त्या चालू उपचारांच्या जोडीला तेल देऊन केलेल्या आहेत, उपचार सोडून नव्हे.

चौथी पायरी सुरक्षिततेची. वनस्पतीचे आहे म्हणजे निर्धोक आहे, हा समज आपल्यात खोल रुजलेला आहे. २०१३ साली तुर्कस्तानातील डॉक्टरांनी एका मधुमेही स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. तिने कलौंजीच्या गोळ्या रोज दोन ते अडीच ग्रॅमपर्यंत घेतल्या आणि काही दिवसांतच तिची मूत्रपिंडे अचानक मंदावली. एका रुग्णावरून नियम ठरत नाही. पण ज्या वस्तूला मूत्रपिंडाची रक्षक म्हणतात तिच्याविषयीच अशी नोंद आहे, हे आपल्याला माहीत असलेले बरे.

याहून मोठी घटना बेल्जियममधली आहे. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्स येथील एका केंद्रात वजन कमी करण्यासाठी स्त्रियांना चिनी वनस्पतींची मिश्रणे दिली जात होती. त्यांपैकी अनेक तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. पहिली नोंद १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे शंभराहून अधिक स्त्रियांना बाधा झाल्याचे उघड झाले. कारण काय निघाले? दोन वनस्पतींची चिनी नावे सारखी होती. निरुपद्रवी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुळातील विषारी वनस्पती पुड्यांत आली होती. तिच्यातील आम्लाने मूत्रपिंडाच्या नळ्या सुकतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठच्या बाल्कन खेड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या मूत्रपिंडाच्या रोगाचे मूळही याच कुळातील एका तणाच्या बियांत सापडले. गव्हाच्या शेतात ते तण उगवे आणि त्याचे बी पिठात दळले जाई. आपल्याकडे सर्पदंशावर ज्या ईश्वरीचे मूळ दिले जाते, तीही याच कुळातली. बी मूत्रपिंडाला तारते, तसे मारतेही. काळ्या जिऱ्याच्या नावांचा घोळ मी सुरुवातीला एवढा वेळ का सोडवीत बसलो होतो, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

मग मूत्रपिंड वाचवायचे कसे? ज्या उपायांची खात्री पटलेली आहे ते साधे आहेत आणि त्यांतले बहुतेक फुकट आहेत. सिसप्लॅटिनच्या रुग्णाला सलाइनने वाचविले, हे आपण पाहिले. म्हणजे औषधाच्या इजेविरुद्धची सर्वांत जुनी व खात्रीची ढाल पाणी हीच आहे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र तसेच मोजून प्यावे. जेंटामायसिनची दिवसभराची मात्रा तीन वेळा विभागून देण्याऐवजी एकदाच दिली तर इजा कमी होते, कारण नळीच्या पेशी एका वेळी ठरावीकच औषध आत घेऊ शकतात आणि उरलेले वाहून जाते. नवे औषध नाही, नवा खर्च नाही, केवळ वेळापत्रक बदलले. क्षयरोगाच्या औषधांना न जुमानणाऱ्या प्रकारात पूर्वी कॅनामायसिनची सुई महिनोन् महिने टोचावी लागे आणि तिने कान व मूत्रपिंड दोन्ही बिघडत. २०१८-१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस मागे घेतली आणि तोंडावाटे घेण्याच्या औषधांना प्राधान्य आले. घातक औषध बदलणे, हाही रक्षणाचाच मार्ग होय.

आपण प्रत्येकाने काय करावे, तेही सांगतो. घरातील वेदनाशामक गोळ्या कोण, किती आणि किती दिवसांपासून घेतो, याचा हिशेब ठेवावा. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा साठीपुढचे वय आहे, त्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिनची आणि लघवीतील प्रथिनाची तपासणी करून घ्यावी. क्रिएटिनिनचा आकडा पुष्कळदा मूत्रपिंडाचे जवळजवळ निम्मे काम गेल्यावरच वर सरकतो, म्हणून मागचा आकडा जपून ठेवावा आणि नव्याशी ताडून पाहावा. जुलाब-उलट्या होत असताना किंवा दिवसभर उन्हात राबून आल्यावर, लघवी पिवळीजर्द होत असताना, अंगदुखीची गोळी घेऊ नये. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर आपण घेत असलेली तेले, चूर्णे, काढे हे सारे सांगावे. पुष्कळ जण ते लपवितात. डॉक्टर रागावतील असे त्यांना वाटते. पण न सांगितलेले औषध डॉक्टरांच्या हिशेबात येत नाही आणि चूक मात्र मूत्रपिंडाला भोवते.

भाजीत कलौंजी घाला, भाकरीबरोबर जवसाची चटणी खा, त्याला माझी ना नाही. ते अन्न आहे आणि चांगले अन्न आहे. माझी हरकत आहे ती तपासणीच्या पैशांतून तेलाची बाटली आणण्याला. महिनाभर रोजंदारी करून जमविलेले चार पैसे कशावर खर्च करावेत, हा आपल्या समाजात जीवनमरणाचा प्रश्न असतो. रक्ततपासणीला जेवढे लागतात, त्याहून अधिक पैसे अशा बाटलीवर जातात. आणि बाटली घरात आली की, आता आपण सुरक्षित आहोत असे वाटून गोळ्याही बिनदिक्कत चालू राहतात. खरे नुकसान तेथे होते.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे दोन शब्द आपल्यासाठी. आपल्यापैकी कोणी औषधनिर्माणशास्त्र घेईल, कोणी वनस्पतिशास्त्र, कोणी वैद्यकीय. या विषयात करण्यासारखे काम अजून पुष्कळ शिल्लक आहे. प्रत्येक बाटलीत थायमोक्विनोन किती आहे आणि ते किती महिने टिकते? तेलाने मूत्रपिंड वाचले, पण त्यामुळे प्रतिजैविकाचा जंतूंवरील मारा बोथट झाला का? सर्वांत कमी किती मात्रेने माणसाला गुण येतो? हे प्रश्न अवघड नाहीत, पण चिकाटीचे आहेत. यांची उत्तरे मिळाली तर ज्या रुग्णांना महागडी औषधे परवडत नाहीत, त्यांच्या हाती खरोखरच एक स्वस्त ढाल येईल. एखाद्या शोधनिबंधाचे शीर्षक वाचाल, तेव्हा त्यात उंदीर आहे की माणूस आहे, हे आधी पाहा. किती होते ते पाहा. औषध आधी दिले की नंतर, ते पाहा. ज्याला हे तीन प्रश्न विचारता येतात, त्याला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. आणि आपल्या वस्तीत असा एक जरी विद्यार्थी असला, तरी त्याच्यामुळे दहा घरांतली मूत्रपिंडे वाचतील.